नऊ सामने, नऊ विजय आणि एक अट

अमेरिकी फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू, तो छातीशी धरून धावणारा एक गडी आणि त्याला आडवा पाडायला टपलेले समोरचे अकरा जण. १९५१ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मैदानांवर चेंडू घेऊन ओली मॅटसनइतकं कुणीच धावलं नाही. एका मोसमात १,५६६ यार्ड!

मॅटसन खेळायचा युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डॉन्स’ संघातून. जेझुइट धर्मगुरूंचं हे छोटंसं विद्यापीठ. प्रशिक्षक होते जो कुहॅरिक. जीनो मार्केटी दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. धिप्पाड बॉब सेंट क्लेअर, चपळ आणि ताकदवान बर्ल टोलर. अशी फळी एका लहान विद्यापीठाला क्वचितच लाभते.

या पोरांनी न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमला नमवलं. स्टॉकटनमध्ये कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७-१४ असा धुव्वा उडवला. शेवटी लोयोलालाही २०-२ ने हरवलं. नऊ सामने, नऊ विजय.

आता प्रतीक्षा होती ‘बाऊल’ सामन्याच्या निमंत्रणाची. नववर्षाच्या सुमारास निवडक संघांमध्ये हे मोठे सामने रंगतात. त्यात मान असतो, पैसाही असतो. विद्यापीठाचा फुटबॉल तेव्हा तोट्यात होता, त्यामुळे या पैशाची गरज सगळ्यांना ठाऊक होती.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून निरोप आला तो अटीसह. संघ येऊ दे, पण मॅटसन आणि टोलर नकोत. दोघे कृष्णवर्णीय होते. मॅटसनचा जन्म टेक्सासचा, टोलरचा टेनेसीतल्या मेम्फिसचा. म्हणजे ज्या दक्षिणेत ते जन्मले, तिथेच त्यांना मज्जाव!

संघाने नकार दिला. वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा यायला अजून तेरा वर्षं होती, आणि ही सारी विशी-पंचविशीतली मुलं. अट ज्यांच्यावर नव्हती, त्या गोऱ्या खेळाडूंनीही आपली संधी सोडून दिली. आम्हाला त्यांचं मोठेपण इथे दिसतं.

निमंत्रण आलंच नाही. त्या मोसमानंतर विद्यापीठाने हा फुटबॉल संघच बंद केला.

खेळाडू मात्र थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी मॅटसनने हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि रिलेत रौप्यपदक जिंकलं. पुढे तो, मार्केटी आणि सेंट क्लेअर व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. एकाच महाविद्यालयीन संघातले तिघे! त्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचवणारा विद्यापीठाचा तरुण कर्मचारी पीट रोझेल १९६० साली एनएफएल या व्यावसायिक लीगचा प्रमुख झाला.

आणि बर्ल टोलर? १९५२ मध्ये गुडघा दुखावला आणि व्यावसायिक खेळाची दारं बंद झाली. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला. १९६५ मध्ये तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून मैदानात उतरला. १९८० च्या सुपर बाऊलला, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यालाही पंचांच्या चमूत तो होता. या वेळी त्याला रीतसर बोलावणं आलं होतं.