मोडेमचं तोंड दाबू नका

(जुने संगणक जपणाऱ्या हौशी मंडळींसमोर ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सभागृहात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. मधले प्रश्न गाळले आहेत, हशा मात्र एक-दोन ठिकाणी ठेवला आहे.)

नमस्कार. मागच्या मंडळींनी पुढे या, मी वर्गणी मागणार नाहीये.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'फॅक्स-मोडेम : निवड आणि दुरुस्ती'. मोडेम म्हणजे संगणकातली माहिती आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पाठवणारं यंत्र, आणि त्यातलाच फॅक्सही पाठवणारा तो फॅक्स-मोडेम. निवडीचं शेवटी सांगतो, त्याला पाच मिनिटं पुरतात. आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. घरी ती ऐकायला आता कुणी तयार नाही, म्हणून तर मी असल्या आमंत्रणांना लगेच होकार देतो.

तक्रार अशी, की लोक मोडेमचा स्पीकर बंद करतात. नवा मोडेम आणला, जोडला, पहिल्यांदा तो किंचाळला, शेजारच्या खोलीतून कुणी तरी ओरडलं, की लगेच आज्ञा सोडली 'एटीएम शून्य'. म्हणजे आवाज बंद. एटीएममध्ये शून्य म्हणजे काय हे आपल्यातल्या निवृत्त मंडळींना महिनाअखेरीला वेगळं सांगायला नको. (हशा) पण त्या शून्याने तुम्ही काय घालवलंत? पडद्यावर मोडेम तुम्हाला सांगतो काय, तर 'नो कॅरियर', म्हणजे पलीकडचा सूर मिळत नाही. लाइन तुटली? पलीकडे मशीन नव्हतं? आजीने आतल्या खोलीतला फोन उचलला? सगळ्याला उत्तर एकच, 'नो कॅरियर'. सरकारी पत्रात असतं ना, 'आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे', तसं. कारण विचारायची सोय नाही. कारण कळायचं ते फक्त त्या रुपयाएवढ्या स्पीकरमधून.

मोडेमला आज्ञा द्यायची ही एटी-भाषा १९८१ची, हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर आली. एटी म्हणजे 'अटेन्शन', आपलं 'सावधान!' पुढे जगातल्या झाडून सगळ्या कंपन्यांनी ती उचलली. म्हणून खोक्यावर 'हेज कंपॅटिबल' लिहिलेलं असायचं, जसं प्रत्येक वडापावच्या गाडीवर 'सुप्रसिद्ध' लिहिलेलं असतं.

आता आवाज. फॅक्स पाठवताना पाठवणारा मोडेम दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद एक 'पूं' सोडतो. ११०० हर्ट्झ. 'मी माणूस नाही, फॅक्स आहे' असा त्याचा अर्थ. पलीकडचं मशीन उचलतं आणि एक लांब, सरळ शिट्टी देतं, २१०० हर्ट्झ. मग येते गुरगुर. मांजर मांडीवर बसल्यासारखी. ही गंमत बघा, तुमचा मोडेम कितीही तेज असू दे, ही बोलणी ३०० बिट प्रति सेकंद एवढ्या वेगानेच होतात. लग्नाची बोलणी घाईने करत नाहीत, तसंच. पलीकडचा सांगतो मला काय काय जमतं, अलीकडचा सांगतो मग आपण असं करू. मग दीड सेकंदाची एक खरखर, ते ट्रेनिंग. लाइन हा वेग पेलते का, याची चाचणी. पेलला नाही तर पलीकडचा नाही म्हणतो, आणि १४,४०० वरून १२,०००, ९,६००, ७,२००, असं खाली खाली येत पुन्हा चाचणी. पटलं की मोठी खरखर सुरू. ते तुमचं पान. एका ओळीत १७२८ ठिपके, अशा ओळीमागून ओळी. पान संपलं की पुन्हा गुरगुर : 'मिळालं का?' 'मिळालं.'

एवढं ज्याला कानाने ओळखता येतं, त्याला मोडेमचा निम्मा आजार बिलासकट कळतो. याचा पुरावा म्हणून वागळे इस्टेटमधली एक गोष्ट सांगतो. ती मी पूर्वी सांगितली असेल, तर ज्यांनी ऐकली आहे त्यांनी चहा बघावा.

१९९४-९५चा सुमार. एका छोट्या कारखान्यात मी संगणक बघायचो. नाव सांगत नाही. मालकांनी हौसेने फॅक्स-मोडेम बसवून घेतला होता, आतला, कार्डवाला. यंत्र ४८६, म्हणजे त्या काळच्या ४८६ प्रोसेसरचा संगणक, वर विंडोज ३.१. दुकानदाराने बसवतानाच आवाज बंद करून ठेवलेला, 'साहेब, डिस्टर्ब नको'. आणि फॅक्स काही जाईना. म्हणजे लागायचा, अर्धं पान जायचं, मग 'ट्रान्समिशन फेल्ड'. दुकानदार म्हणाला लाइन खराब. मग लाइनची तक्रार. लाइनमन बिचारा तीन वेळा आला, टोन ऐकला, लाइन उत्तम आहे म्हणाला, चहा पिऊन गेला. चौथ्यांदा आला तेव्हा चहासुद्धा घेतला नाही त्याने.

पण अकाउंट्सच्या बाईंनी लावलेला फॅक्स जायचा! दर वेळी! मालकांचा जात नाही, माझा जात नाही, बाईंचा जातो. मी विचारलं, बाई, तुम्ही वेगळं काय करता? त्या लाजल्या. म्हणाल्या, "काही नाही हो, 'सेंड' दाबते आणि गणपतीला हात जोडते. पान पूर्ण जाईपर्यंत हात काढत नाही." डाव्या भिंतीवर टिटवाळ्याच्या गणपतीचा फोटो होता. मी इंजिनियर. मी हसलो. त्या म्हणाल्या, "हसा. पण तुमचा जात नाही ना?"

याला उत्तर नव्हतं. मग मी आवाज चालू केला, तोही 'एम दोन', म्हणजे जोडणी झाल्यावरसुद्धा चालूच राहील असा. आणि ऐकलं. शिट्टी स्वच्छ. गुरगुर स्वच्छ. ट्रेनिंग पहिल्या फटक्यात. पानाची खरखर सुरू, एकसारखी, मधे कुठे चर्र नाही, टक् नाही. म्हणजे लाइन निर्दोष. लाइन खराब असती तर रडारड ट्रेनिंगलाच झाली असती. मग अचानक खरखर तुटली. मी काय करत होतो त्या क्षणी? पडद्यावर ते वाळूचं घड्याळ असतं ना, ते हलतंय का बघायला मी माऊस हलवत होतो. सगळेच हलवतात. मालक तर गोलगोल फिरवायचे, ताक घुसळल्यासारखा.

बाईंचे दोन्ही हात जोडलेले! माऊसला हातच नाही!

कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या लक्षात आलं असेल. माऊस कॉम-एकवर, मोडेम दुकानदाराने ठेवलेला कॉम-तीनवर. कॉम म्हणजे सीरियल पोर्ट, माऊस-मोडेम जोडायचं संगणकाचं दार. मूळ पीसीमध्ये कॉम-एक आणि कॉम-तीन या दोघांना एकच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायची हाक, चार नंबर. कॉम-दोन आणि कॉम-चारला तीन नंबर. चाळीत दोन बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी तसं. घंटा वाजली की पहिल्या बिऱ्हाडाने दार उघडायचं, आणि दुसऱ्याचा पाहुणा जिन्यात ताटकळत उभा. ईमेल असतं तर ताटकळलं तरी चालतं, तुटलेला तुकडा पुन्हा मागता येतो. साधा फॅक्स थांबत नाही. पान एकदा सुरू झालं की संगणकाने वेळच्या वेळी घास भरवलाच पाहिजे. १४,४०० म्हणजे सेकंदाला १८०० बाइट. घास चुकला की पान गेलं.

उपाय? बोर्डवरचं कॉम-दोन बंद केलं आणि कार्डवरचा जंपर, म्हणजे ते तुरीच्या डाळीएवढं काळं टोपण, चिमट्याने उचलून कॉम-दोनवर बसवलं. दहा मिनिटांचं काम. फॅक्स जाऊ लागले, माऊस घुसळत घुसळत जाऊ लागले. बाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा फॅक्स लावून हात जोडले. मी काही बोललो नाही.

तर आवाज बंद नसता, तर लाइनमनच्या चार खेपा वाचल्या असत्या. हे माझं म्हणणं. तीस वर्षं हेच म्हणतोय.

आता खरोखरच लाइनचा दोष असतो तेव्हा तोही कानालाच कळतो. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरलं की पातेल्यात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. आधी मोडेम काढून ठेवा, साधा फोन लावा, एक आकडा दाबून डायलटोन घालवा आणि शांततेत कान द्या. तडतड ऐकू आली तर मोडेम बदलून काही उपयोग नाही. घरातले समांतर फोन एकेक करून काढा. एखादा जुना डबा आतल्या खोलीत कपाटामागे जोडलेला राहून गेलेला असतो. मी एका घरी तो देवघराखाली सापडलेला पाहिलाय. आणि कॉल वेटिंग! त्याची एक टुक् आली की जोडणी खलास. तेवढ्यापुरतं तग धरायचं असेल तर एस-दहा हे रजिस्टर, म्हणजे सूर तुटल्यावर मोडेमने किती थांबायचं तो आकडा, वाढवा. बहुतेक ठिकाणी ते १४ असतं, म्हणजे १.४ सेकंद. ५० करा, मोडेम पाच सेकंद धीर धरील. पण हे इंटरनेटसाठी. फॅक्सला त्या पाच सेकंदांचा काही फायदा नाही.

इंटरनेटवरून आठवलं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्या पत्त्यात 'गियासबीएमझीरोवन' असं एक प्रकरण असायचं. व्हिजिटिंग कार्डावर ते मावायचं नाही. ठाण्याला आणि नवी मुंबईला मुंबईचाच ०२२, त्यामुळे आपल्याला तो लोकल कॉल. डोंबिवलीकर आलेत का कुणी? आलेत. तुमचा ०२५१! माझा एक डोंबिवलीकर मित्र ईमेल बघायला लोकलने माझ्याकडे यायचा, जेवून जायचा. रिटर्न तिकिटात ईमेल आणि आमटी. (हशा)

चिठ्ठी आली. आठला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय. म्हणजे सात मिनिटं. बरं, निवड.

पहिलं, फॅक्ससाठी ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६,००० बिटवाला, घेऊ नका. खोक्यावर छप्पन्न असलं तरी फॅक्स जाणार बहुधा १४,४००नेच. छप्पन्नसाठी पलीकडचं टोक डिजिटल लागतं, आणि तेसुद्धा फक्त उतरवून घेताना. वर चढवताना व्ही.९० या छप्पन्नच्या मानकाला ३३,६००च. जुन्या यंत्रासाठी १४,४०० किंवा २८,८००चा चांगला मोडेम मिळाला तर डोळे झाकून घ्या.

दुसरं, बाहेरचा घ्या. माझं मत पक्षपाती आहे, असू दे. त्याला दिवे असतात. अडकला तर त्याचं एकट्याचं बटण बंद करता येतं, संगणक नाही बंद करावा लागत. आणि माझ्या वागळे इस्टेटच्या कथेतला घोळ सहसा होत नाही. पण एक अट. बाहेरचा मोडेम तुमच्या संगणकाच्या सीरियल पोर्टवर अवलंबून. तिथे ८२५० किंवा १६४५० चिप असेल तर ती एका वेळी एकच अक्षर हातात धरते, दुसरं आलं की पहिलं सांडतं. १६५५०ए असेल तर १६ धरते. डॉसमधल्या एमएसडी या तपासणीच्या प्रोग्रामने चिप कळते. आतल्या कार्डवर ही चिप स्वतःची असते, तेवढा त्याचा फायदा.

तिसरं, 'विनमोडेम' लिहिलेलं असेल तर ४८६वाल्यांनी हात लावू नये. त्यात मेंदू नसतो, तुमच्या प्रोसेसरचा उसना घेतो. ४८६कडे आधीच किती उरलाय?

चौथं, क्लास. क्लास एकमध्ये फॅक्सची सगळी बोलणी संगणक करतो, क्लास दोनमध्ये मोडेम. मंद यंत्राला दोन बरा. पण दोनचा मसुदा पक्का होण्याआधीच कंपन्यांनी आपापल्या परीने माल बाजारात आणला, त्यामुळे एकाचा दोन दुसऱ्याच्या दोनशी जुळेलच असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पर्याय असतात. दोनने छळलं तर एक लावा.

पाचवं, 'नो डायलटोन'. फोनमध्ये टोन ऐकू येतोय, मोडेम म्हणतो नाही. त्याचा कान अमेरिकन. तिकडचा टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून. आपला ४०० हर्ट्झ, त्यात २५ची थरथर. तो ओळखतच नाही! 'एक्स तीन' ही आज्ञा द्या, म्हणजे टोनची वाट न बघता नंबर फिरवेल. जुन्या एक्स्चेंजच्या काळात तर नंबर सुरांऐवजी टकटक करत, म्हणजे पल्सने फिरवायचा, एटीडीटी या आज्ञेच्या जागी एटीडीपी. आणि फायबरवाल्या आजच्या फोनवर करून बघणार असाल तर वेग ९,६००वर आणा आणि देवाचं नाव घ्या. आवाज कॉम्प्रेस करून पाठवणारी लाइन असेल तर काहीच होणार नाही.

हो, आणि सहीचं पत्र पाठवायला स्कॅनर वेगळा लागतो! हे त्या मालकांना मोडेम घेतल्यावर कळलं.

तीन मिनिटं आहेत. हे दोन मोडेम मी मुद्दाम आणलेत. मधे एक्स्चेंज नाही, नुसती एक वायर. बहुतेक मोडेमना तेवढी पुरते. याला एक्स एक आणि डी, म्हणजे टोनची वाट न बघता सुरू हो. त्याला ए, म्हणजे उचल. आवाज पूर्ण. पंखे बंद करता का कुणी?

ऐका. ही शिट्टी... एकवीसशे. मधे मधे ती अडखळते, तेही ऐका... आता घुंग, घुंग...

या, या, ताई, आत या. हॉल तुमचाच आहे. फक्त टाळ एक मिनिट नका वाजवू. ट्रेनिंग चाललंय.