पाच-पाच मिनिटांची नोंद

(दृश्य: वर्धा जिल्ह्यातलं एक गाव, कापूस वेचणीचे दिवस. सपरीत खाटेवर स्मृतिभ्रंश झालेली आजी.)

पाहुणा सुनेला विचारतो, "बुढीचं कसं काय?" आजी तिथंच, हातभर अंतरावर बसलेली. सून म्हणते, "काही समजत नाही आता तिले." आजीची मान खाली जाते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांचं काम या खाली गेलेल्या मानेविषयी आहे. जन्म १९३७ चा. केंब्रिजला विज्ञान शिकले, धर्मोपदेशक झाले, युगांडात शिकवलं आणि पुढे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रात रमले. स्मृतिभ्रंशात मेंदूची झीज होते, हे त्यांनी नाकारलं नाही. पण माणूस किती ढासळतो हे त्याचा स्वभाव, आजवरचं आयुष्य, तब्येत आणि भोवतालच्यांची वागणूक यांवरही ठरतं, असं त्यांनी मांडलं.

त्या वागणुकीची त्यांनी यादीच केली. १९९० मध्ये दहा प्रकार होते, १९९७ च्या पुस्तकात सतरा झाले: फसवणं, घाई करणं, लहान लेकरासारखं वागवणं, समोर असून नसल्यासारखं बोलणं. या वागण्याला त्यांनी घातक म्हटलं, करणाऱ्याला दुष्ट म्हटलं नाही. आपल्याकडे सगळा दोष सुनेवर ढकलला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

(दृश्य: न्हाणी. बादली, तांब्या, पंचा.)

मागून डोक्यावर तांब्या ओतला, की आजी ओरडते, हात उगारते. घरचे म्हणतात, मारकुटी झाली. खरं तर पाणी कुठून आलं हेच तिला उमगलेलं नसतं. समोर बसा. आधी तिच्या तळहाताला पाणी लागू द्या. मग पाय, मग अंग; डोकं शेवटी, नाहीतर उद्या. खांद्यावर पंचा राहू द्या. एका वेळी एकच वाक्य बोला आणि मनात दहापर्यंत मोजा. दुसरं वाक्य लवकर आलं, तर पहिलंही निसटतं.

दिवेलागणीला ती विचारते, "माही माय कुठी गेली?" माय जाऊन चाळीस वर्षं झालेली. 'मेली' म्हटलं, तर आजच गेल्यासारखी रडते. 'येते आता' म्हटलं, तर दारातून हलत नाही; आणि किटवुड यांच्या यादीत पहिलं नाव फसवण्याचंच आहे. त्यापेक्षा विचारा, "मायची आठवण येऊन राह्यली काय? काय रांधे तुही माय?" दर वेळी जमेलच असं नाही.

किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी देखभाल केंद्रांसाठी निरीक्षणाची पद्धत बसवली. निरीक्षक साधारण सहा तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी टिपतो: माणूस काय करतो आहे, सुखात आहे की कष्टी. त्याला अंक, अधिक पाच ते उणे पाच. न्हाणीत आणि निजायच्या खोलीत मात्र निरीक्षक जात नाही.

वेचणीच्या दिवसांत सहा तास कोणाकडे आहेत? अर्धा तास बसा, वहीत सहा ओळी होतील. 'गप्प, गप्प, झोप, गप्प' असंच आलं, तर तिच्या हाताला काम हवं आहे. परातीत सरकी काढलेला कापूस द्या, वाती वळू द्या. हाती येईल ते तोंडात घालायची सवय असेल, तर कापूस नको. जुनं लुगडं घड्या घालायला द्या.

वात सैल वळली, तरी तिच्यासमोर उकलू नका. संध्याकाळी देवापुढे तीच लावा.