डेंटिस्ट मॅडमचा शनिवार

नमस्कार मंडळी! आज जरा दातांबद्दल बोलू, म्हणजे खरं तर दातांच्या डॉक्टरबद्दल. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक मॅडम आहेत, रेडिओवर माझं नाव नको म्हणाल्या म्हणून नुसतं मॅडमच म्हणतो. तालुक्याला त्यांचा दवाखाना आहे आणि शनिवारी तो बंद ठेवून त्या गावात येतात, फी नाही, बॅनर नाही, फोटो तर नाहीच.

कॅम्प म्हटलं की आपल्याकडे मांडव, हारतुरे, पाहुण्यांचं भाषण, मग दुपारपर्यंत पटापट दात उपटायचे आणि गाडी परत. चार दिवसांनी हिरडी सुजली तर विचारायचं कोणाला? मॅडम यावरच चिडतात. उपटलेले दात मोजून पेपरात बातमी द्यायची, ही कसली सेवा, म्हणतात. त्यांचा सगळा जीव दात वाचवण्यात. शाळेच्या व्हरांड्यात पोराला बाकावर आडवं करायचं, कपाळाला बॅटरी, आणि लाईट गेली तरी काम थांबत नाही कारण ड्रिल मशीन वापरायचंच नाही. किडलेला मऊ भाग हाताच्या हत्याराने हळूहळू खरवडून काढायचा, मग ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरून बोटाने दाबायचं, झालं. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली, तिथल्या खेड्यात पण विजेची बोंबच होती. हत्यारं निर्जंतुक करायला प्रेशर कुकर! पहिल्यांदा बघून आमच्या मावशी म्हणाल्या, मॅडम, भात किती लावू?

मोठ्या माणसांचं प्रकरण वेगळं. २०१२ ला राज्यात गुटखा बंद झाला, पण आपला खर्रा? पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून तो चालूच आहे, तरणी पोरं सकाळपासून तोबरा भरून. मॅडम आधी दात बघतच नाहीत, म्हणतात तोंड उघड आणि स्वतःची तीन बोटं उभी आत घाल. ज्याची दोनच जातात त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. सुपारीने गालाच्या आतलं कातडं कडक होत जातं, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. मी तंबाखू सोडला, नुसती सुपारी खातो, असं सांगणाऱ्यांनी तर जास्तच ऐका. घरी आरशासमोर आजच करून बघा.

आणि हो, वरचा दात काढला की डोळे जातात हे डोक्यातून काढा, दाताच्या नसेचा नि नजरेचा काही संबंध नाही. दात काढायचाच असेल तर मात्र उपाशी येऊ नका, भाकरी खाऊन या, बीपी-शुगरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट सोबत आणा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि खर्रा बाहेर थुंकून या बाप्पा, व्हरांडा आम्हीच धुतो.