अपग्रेडनंतरचे पहिले आठ दिवस

उबंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर गेल्यावर आपल्या संगणकात एका बैठकीत किती काय बदलतं, ते आधी डोळ्यांसमोर आणू या. ग्नोम, म्हणजे समोर दिसणारा डेस्कटॉप, ४२ चं ४६ होतं. मधल्या ४५ व्या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये, ग्नोमने एक्स्टेन्शन (डेस्कटॉपला जोडायची छोटी भर) लोड करायची पद्धतच बदलली. त्यामुळे एखाद्या एक्स्टेन्शनच्या लेखकाने ते नव्याने बेतून दिलं नसेल, तर ते चालूच होत नाही. आवाजाचं काम पल्सऑडिओकडून पाइपवायरकडे जातं. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम डेब या जुन्या प्रकारच्या पॅकेजऐवजी स्नॅप या नव्या प्रकारात येतो. आपण बाहेरून जोडलेले पीपीए, म्हणजे प्रोग्रामांचे खाजगी साठे, अपग्रेडर स्वतःच बंद करून टाकतो. शिवाय अॅपआर्मर या सुरक्षा-यंत्रणेचा एक नवा निर्बंध लागू होतो आणि त्यापायी काही अॅपइमेजवर (एकाच फाइलीत येणारे प्रोग्राम) कितीही डबल-क्लिक केलं तरी त्या ढिम्म हलत नाहीत.

मग माणूस म्हणतो, "लिनक्स बिघडलं."

यातलं काही खरोखर बिघडलेलं असतं. काही मुद्दाम बदललेलं असतं आणि तसं रिलीज नोट्समध्ये लिहिलेलंही असतं. अॅपआर्मरचा निर्बंध त्यातलाच. आणि काही म्हणजे आपल्याच होम फोल्डरमधल्या जुन्या सेटिंगांनी घातलेला घोळ असतो. तिन्ही गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. त्या वेगळ्या कशा काढायच्या, त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी माझं मुख्य म्हणणं सांगतो. अपग्रेडनंतरच्या पहिल्या आठ दिवसांत तुमच्याकडे एक असा पुरावा असतो, जो प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे नसतो: काल काय होतं आणि आज काय आहे. आठ दिवसांनी तो पुरावा जातो. त्रास अंगवळणी पडतो, हात आपोआप वळसा घालायला शिकतात, आणि "पूर्वी हे कसं चालायचं?" विचारलं तर नीट आठवतही नाही. विकासकांकडे दोषाची नोंद करायची ती तेव्हाच.

वळसा घालणाऱ्यांचं पुढे काय होतं, त्याचं एक ताजं उदाहरण आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या वेलँड या नव्या यंत्रणेत काही अडलं की आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो: लॉगिनच्या पडद्यावरच्या त्या दातेरी चाकावर क्लिक करा, "उबंटू ऑन झॉर्ग" ही जुनी यंत्रणा निवडा, मोकळे व्हा. हजारो लोक असे मोकळे झाले. स्क्रीन शेअर होत नव्हता, कर्सर थरथरत होता, दोन मॉनिटरवर अक्षरं धूसर दिसत होती. झॉर्गवर गेलं की सगळं गप्प. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये उबंटू २५.१० आलं आणि त्यातून ते झॉर्गचं सत्रच गेलं. जुने झॉर्गचे प्रोग्राम वेलँडमधल्या एक्सवेलँड या सोयीतून चालतात, पण परतायची वाट बंद. इतकी वर्षं जे कुठेच नोंदवलं नाही, ते आता एकदम अंगावर आलं. विकासकांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांच्या यादीत ते नव्हतंच, तर त्यांनी दुरुस्त काय करायचं?

आता नोंद म्हणजे काय लिहायचं? याबाबतीत उबंटूच्या यादीतला क्रमांक एकचा बग, म्हणजे नोंदवलेला दोष, मला फार आवडतो. उबंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी तो ऑगस्ट २००४ मध्ये स्वतः नोंदवला: बाजारात बहुसंख्य वाटा मायक्रोसॉफ्टचा आहे. मे २०१३ मध्ये त्यांनीच तो बंद केला, कारण तोवर फोन आणि टॅब्लेटने बाजाराचं चित्रच पालटलं होतं. गंमत म्हणून सोडून द्यावा असा तो बग. पण त्याचा मजकूर वाचा. कोणत्या पायऱ्यांनी हा दोष दिसतो? जवळच्या संगणकाच्या दुकानात जा. काय घडतं? विकायला ठेवलेल्या बहुतेक यंत्रांवर आधीपासून विंडोज असतं. काय घडायला हवं? त्यांच्यावर मुक्त सॉफ्टवेअर असायला हवं. थट्टेतही साचा सोडलेला नाही. पायऱ्या, घडलेलं, अपेक्षित. अपग्रेडच्या बाबतीत मी त्यात फक्त चौथी ओळ घालायला सांगेन: आधीच्या कोणत्या आवृत्तीत हे नीट चालत होतं.

आणि कारण? कारण तुम्ही सांगू नका. म्हणजे अंदाज असेल तर शेवटी एका ओळीत जरूर लिहा, पण निरीक्षणाच्या जागी अंदाज घालू नका. इथे मला मंगळवारची गोष्ट सांगायलाच हवी.

उबंटू ८.०४ च्या काळात एका माणसाच्या बायकोची तक्रार होती, की ओपनऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही. आपण असतो तर काय म्हटलं असतं? प्रिंटरची केबल बघ, शाई बघ, आणि मंगळवारचं खूळ डोक्यातून काढ. नवऱ्यालाही ते आधी पटलं नव्हतं. पण तक्रार खरी निघाली. मंगळवारी कागद येईना, बुधवारी तोच मजकूर निमूट छापला जाई. हा प्रकार लाँचपॅडवर, म्हणजे उबंटूचे बग नोंदवायच्या संकेतस्थळावर, २००९ मध्ये उलगडला. छपाईसाठी तयार होणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट फाइलीत ती कधी तयार झाली त्याची तारीख असते, आणि तारखेत वार असतो, इंग्रजीत, तीन अक्षरी. प्रिंटरची स्क्रिप्ट 'फाइल' नावाच्या छोट्या प्रोग्रामला विचारत असे, की बाबा रे, ही फाइल कोणत्या प्रकारची? या प्रोग्रामजवळ निरनिराळ्या फाइली ओळखायच्या खुणांची एक यादी असते. त्यातली एर्लांग भाषेतल्या एका फाइल-प्रकाराची खूण होती १९९१ सालची एक आख्खी तारीख, मंगळवारची. ती यादीत लिहिताना मधल्या मोकळ्या जागा नीट बांधल्या गेल्या नव्हत्या. म्हणून खुणेतला फक्त पहिला शब्द धरला गेला: 'ट्यू'. झालं. दर मंगळवारी पोस्टस्क्रिप्ट फाइल एर्लांगची ठरायची आणि छपाई व्हायची नाही.

या गोष्टीत दोष ओपनऑफिसमध्ये नव्हता, प्रिंटरमध्ये नव्हता, ड्रायव्हरमध्येही नव्हता. त्या बाईंनी "ड्रायव्हर खराब आहे" असं सांगितलं असतं, तर लोक ड्रायव्हर उचकत बसले असते. त्यांनी दिसलं ते सांगितलं, वेडगळ वाटलं तरी. बग नोंदवणाऱ्यांत माझ्या लेखी त्यांचा नंबर पहिला.

आता ते तीन प्रकार वेगळे काढण्याकडे येऊ. घरातले दिवे गेले की आपण आधी खिडकीतून शेजाऱ्यांकडे बघतो, त्यांच्याकडे आहेत का. इथेही तेच करायचं. सेटिंगमध्ये जाऊन एक नवा यूजर बनवा आणि त्यातून लॉगिन करून बघा. तिथे सगळं ठीक असेल तर घोळ तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे: जुनं एक्स्टेन्शन, जुनी थीम, कधीकाळी हाताने बदललेली कॉन्फिग फाइल. तिथेही तेच होत असेल तर प्रकरण तुमच्या सेटिंगांपलीकडचं आहे. आवाज, वायफाय, झोपवलेला लॅपटॉप न उठणं, असल्या तक्रारींसाठी दुसरी चाचणी. संगणक सुरू होताना एस्केप दाबून (जुन्या बायोसवर शिफ्ट) ग्रबचा (संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा आणि "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स"मधून आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडा. अपग्रेडनंतरही तो बहुधा तिथेच पडून असतो. जुन्या कर्नलवर वायफाय चालू झालं, तर तुमची निम्मी लढाई जिंकली. कर्नलच्या मंडळींचा एक कडक दंडक आहे, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तो वारंवार बजावत आले आहेत: जे वापरणाऱ्याच्या यंत्रावर काल चालत होतं ते आज कर्नलमुळे मोडलं, तर तो कर्नलचाच दोष. त्यामुळे "जुन्यावर चालतं, नव्यावर नाही" या एका वाक्याला तिथे फार वजन आहे. पुढे कोणी तुम्हाला गिट बायसेक्ट करायला, म्हणजे दोष आणणारा नेमका बदल शोधायला, सांगितलं तर घाबरू नका. दर वेळी उरलेले बदल निम्मे करत जायचं असतं. दहा हजार बदलांतून दोषी बदल चौदाएक पायऱ्यांत हाती लागतो. वेळ मात्र जातो, कर्नल बांधायला लागतो तेवढा.

कुठे नोंदवायचं, यावर लोक उगाच अडून बसतात. नक्की माहीत नसेल तर आपल्या डिस्ट्रिब्यूशनकडे (उबंटू, डेबियन, फेडोरा, जे असेल ते) नोंदवा; पुढे पाठवायचं काम तिथली माणसं करतात. उबंटूवर 'उबंटू-बग' आणि त्यापुढे पॅकेजचं नाव ही आज्ञा दिली, की आवृत्त्या आणि लॉग तीच गोळा करते. डेबियनवर 'रिपोर्टबग' आहे. तो प्रश्न विचारत विचारत शेवटी एक ईमेल तयार करून देतो. त्यात गांभीर्याची पातळी विचारतात तेव्हा जरा हात आखडता घ्या. डेबियनमध्ये सात पातळ्या आहेत आणि सगळ्यात वरची 'क्रिटिकल' म्हणजे इतर प्रोग्राम किंवा सगळी यंत्रणाच मोडणं, माहितीचं मोठं नुकसान, नाहीतर सुरक्षेला भगदाड. तुमच्या डॉकवरचा आयकॉन बारीक झाला, हे 'क्रिटिकल' नाही.

लॉग हवा असेल तर 'जर्नलसीटीएल'ला वजा बी, वजा एक असं सांगितलं की गेल्या वेळच्या बूटची नोंद मिळते. यंत्र गोठून बंद करावं लागलं असेल तेव्हा हीच कामाची. चिकटवण्यापूर्वी मात्र एकदा वाचा. त्यात तुमचं यूजरनेम असतं, फाइलींची नावं असतात. क्रॅशच्या डंपमध्ये तर त्या वेळी मेमरीत असलेलं काहीही असू शकतं, पासवर्डसुद्धा. लाँचपॅड असे क्रॅश रिपोर्ट मुळात खाजगी ठेवतं ते यासाठीच. घाईत ते स्वतःहून खुले करू नका.

बारीकसारीक कटकटींचं काय? मेनूमधला शब्द कापला जातो, खिडकी दर वेळी भलत्याच मॉनिटरवर उघडते, फाइल सेव्ह करताना फोल्डर विसरतं. "एवढ्याशासाठी कोणाला कशाला त्रास द्यायचा" असं आपल्याला वाटतं, आणि मला हा संकोच अजिबात पटत नाही. २००९ मध्ये उबंटूने अशाच शंभर किरकोळ टोचण्या वेचून काढायचा उपक्रम हाती घेतला होता. अट एवढीच, की त्रास सामान्य वापरणाऱ्याला व्हावा आणि दुरुस्ती सोपी असावी. ग्नोमसारखाच दुसरा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईने २०२२ मध्ये पंधरा मिनिटांचे बग निवडायला सुरुवात केली: डेस्कटॉप वापरायला बसल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांत जे खटकतं ते. हे काम वापरणाऱ्यांनी सांगितल्याशिवाय होत नाही. प्रोग्राम लिहिणारा आपल्या डेस्कटॉपसमोर इतका बसलेला असतो, की त्याला ते खटकायचं केव्हाच थांबलेलं असतं.

आता आपल्या घरचा मुद्दा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. मराठीतले दोष मराठी माणसाशिवाय कोणाला दिसणार? अपग्रेडनंतर सिस्टीमने देवनागरीसाठी निवडलेला फाँट बदलला, तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे न राहता हिंदी वळणाचे होतात. 'दुसऱ्या'मधला अर्धा ऱ नीट जुळत नाही, पायमोडका र आणि पुढे सुटा य असं काहीतरी दिसतं. परभाषक विकासकाला दोन्ही चित्रं दाखवली तरी फरक कळणार नाही. मराठी वळण दाखवायची सोय फाँटमध्ये असावी लागते आणि मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामने सांगावंही लागतं. दोन्हींपैकी काहीही हुकू शकतं. म्हणून अशी नोंद करताना चार गोष्टी द्या: चुकीचं दिसणारं चित्र, बरोबर दिसणारं चित्र, तोच मजकूर टंकलेल्या रूपात (कारण त्यांना तो टंकता येणार नाही), आणि 'एफसी-मॅच' या आज्ञेला मराठीसाठी विचारल्यावर ती सांगते ते फाँटचं नाव. बरोबर चित्रात नेमकं काय बरोबर आहे, तेही बाण काढून दाखवा.

टंकलेखनाचंही तेच. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि वेलँड हे तिथलं मूळ सत्र झालं. त्यात आयबस या टंकलेखनाच्या प्रोग्रामने मराठी लिहायचं तर सेटिंगमध्ये 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या पानावर 'आयबस वेलँड' निवडावं लागतं. तांत्रिकदृष्ट्या हा बग नाही, निवड केली की मराठी उमटतं. पण ज्याच्यासमोर टेबलावर खराखुरा कीबोर्ड आहे, तो मराठीसाठी 'व्हर्च्युअल कीबोर्ड'मध्ये कशाला जाईल? ही कटकट आहे, आणि कटकट म्हणून नोंदवण्याच्या योग्यतेची आहे.

शेवटचा भाग पाठपुराव्याचा. आधी शोधा, तुमचाच बग कोणीतरी नोंदवलेला असण्याची शक्यता बरीच असते. लाँचपॅडवर असा सापडला तर "मलाही होतंय" म्हणायला स्वतंत्र बटण आहे, ते दाबा. त्यासाठी प्रतिक्रिया लिहून शंभर जणांच्या इनबॉक्समध्ये भर घालू नका. नवीन माहिती असेल, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मात्र लिहा. कोणी तुम्हाला उलट प्रश्न विचारला तर उत्तर द्या. लाँचपॅडवर 'अपूर्ण' शेरा पडलेला आणि कोणाच्याही नावावर नसलेला बग ६० दिवस हालचाल झाली नाही की मुदत संपून बाद होतो. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते. ती संपली की तिच्यावरचे उघडे बग आधी सूचना देऊन बंद केले जातात. ती सूचना आली की लोक चिडतात, "वर्षभर कोणी बघितलं नाही आणि आता बंद करताय" म्हणतात. राग समजू शकतो. पण त्या सूचनेवर करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. नव्या आवृत्तीचा लाइव्ह यूएसबी (संगणकावर न बसवता पेनड्राइव्हवरून चालणारी प्रत) बनवा, त्याच पायऱ्या करून बघा, आणि अजून तसंच असेल तर आवृत्तीचा आकडा बदलून एक ओळ लिहा. दुरुस्त झालं असेल तर तेही लिहा. तपासणाऱ्याचा तेवढा वेळ वाचतो.

इथे थांबतो. ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांनी सेटिंगमध्ये 'अबाउट' खालची 'सिस्टीम डिटेल्स'ची खिडकी उघडून ठेवा, म्हणजे वेलँड की झॉर्ग, ग्नोम कितवं, कर्नल कोणता हे विचारण्यात वेळ जायला नको. प्रश्न घेऊ या.