लिस्टरची पाल: क्रिसमस बेटावरून हरपलेली

पडद्यावर दिसणारी ही तपकिरी पाल तुंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम ५ सेंटिमीटर लांब असते. जावाच्या दक्षिणेस सुमारे ३५० किलोमीटरवर असलेले, ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील क्रिसमस बेट हेच तिचे जगातील एकमेव घर होते. १८८७ मध्ये ‘एजेरिया’ या ब्रिटिश सर्वेक्षण जहाजावरून तेथे उतरलेले निसर्गअभ्यासक जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्या नावाने ती ओळखली जाते.

हे बेट कोणत्याही खंडाला कधीच जोडलेले नव्हते. तेथे मूळचा साप एकच, आणि तोही आपल्याकडील वाळ्याच्या कुळातला, मातीत राहून कीटक खाणारा. त्यामुळे झाडावर चढून पालीला पकडणाऱ्या सापापासून जीव वाचवण्याची वेळ या पालीवर कधी आलीच नव्हती. १९८०च्या दशकात मात्र नेमका तसाच एक साप आग्नेय आशियातून, बहुधा जहाजावरील मालातून, या बेटावर पोहोचला. महाराष्ट्रातील घरांच्या भिंतींवर पाली धरणाऱ्या कवड्या सापाचा तो अगदी जवळचा नातेवाईक आहे. येथील पाली कवड्याच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत, पण क्रिसमस बेटावरील पालीला तेवढा अवधीच मिळाला नाही. बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्या आणि मोठ्या गोमी यांनीही हानी केली असावी. तरी या ऱ्हासाचे मुख्य कारण हा सापच असल्याचे अभ्यासक मानतात.

राष्ट्रीय उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी २००९ पासून उरल्यासुरल्या पाली पकडून त्यांचे बंदिस्त प्रजनन सुरू केले, आणि २०१२ नंतर जंगलात ही पाल कोणालाच दिसली नाही. पकडलेल्या प्राण्यांची संख्या पन्नाससुद्धा नव्हती. आज बेटावरील प्रजनन केंद्रात आणि सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात मिळून त्यांचे शेकडो वंशज आहेत. याच बेटावरील वनसरड्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही, कारण त्याची शेवटची ज्ञात मादी २०१४ मध्ये बंदिवासात मरण पावली. थोडा उशीर झाला असता, तर या पालीचेही तेच झाले असते.

पिंजऱ्यातही ती पूर्णपणे सुरक्षित नाही. बेटावरील केंद्रात एका जिवाणूचा संसर्ग झाला होता, ज्यामुळे प्राण्यांच्या तोंडाभोवती सूज येऊन अखेर मृत्यू ओढवतो. आणि जंगलात परत सोडावे, तर १३५ चौरस किलोमीटरच्या या बेटावरील दाट अरण्यातून तो साप समूळ नाहीसा करण्याचा उपाय अजून सापडलेला नाही.