मोठे टायर घातलेत? मीटर जीपीएसशी जुळवू नका!

नमस्कार मंडळी. गाडीला मोठे टायर घातले की सगळीकडून एकच सल्ला मिळतो. मोबाइलवर जीपीएस लाव, एक वेग धरून गाडी चालव आणि मीटरचा काटा त्या आकड्याशी जुळवून घे. ऐकायला पटतं. पण असं केलंत तर काटा बरोबर दाखवेल आणि किलोमीटर मात्र कमीच पडत राहतील, अगदी गाडी विकेपर्यंत.

का, ते बघू. आपण किती अंतर कापलं हे गाडीला थेट कळत नाही, कळतात ते फक्त चाकाचे फेरे. आजच्या गाड्यांत चाकापाशी एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर असतो, तो फेरे मोजतो. एबीएसचं मॉड्यूल त्यावरून वेग काढतं आणि मीटरला पाठवतं. एका फेऱ्यात किती अंतर होतं, हा आकडा कंपनीने आत भरून ठेवलेला असतो आणि तो कंपनीच्या टायरचा असतो. टायर तुम्ही बदललात, आकडा तिथेच आहे.

आता मारुतीची जिम्नी घेऊ, कारण टायर बदलायची हौस त्या गाडीवर फार.

[स्क्रीनवर: १९५/८० आर १५ आणि २३५/७५ आर १५]

कंपनीचा टायर १९५/८० आर १५. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६. वर एक आणि खाली एक, असे ३१२. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवा. टायरची एकूण उंची झाली ६९३ मिलिमीटर. आता लोकांचा आवडता २३५/७५ आर १५. याच हिशेबाने तो येतो ७३३.५. भागाकार करा: १.०५८. म्हणजे नवा टायर एका फेऱ्यात ५.८ टक्के जास्त रस्ता कापतो आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही. मीटरमध्ये १०,००० किलोमीटर पडले तेव्हा गाडी जवळपास १०,५८० चालली आहे. सर्व्हिस लांबली, वॉरंटीचे किलोमीटर कमी दिसले आणि वर तुम्ही म्हणताय, टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं! जड टायरने ते थोडं पडतंच, नाकारत नाही. पण मीटरवर १३ दिसत असेल तर खरं पावणेचौदाच्या आसपास आहे, तेवढं तरी टायरच्या माथी मारू नका.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे.

काटा आणि किलोमीटर हे दोन वेगळे हिशेब आहेत. काटा कंपनी मुद्दाम पुढे ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालेल, पण किती? खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ४. म्हणजे गाडी खरोखर ८० ने पळत असेल तर काटा ८० ते ९२ मध्ये कुठेही असला तरी नियमात बसतो. कमी दाखवण्याचा धोका कोण पत्करणार? म्हणून काटा थोडा पुढेच राहतो. किलोमीटर मोजताना मात्र असा मसाला सहसा नसतो, ते बरेचसे खरे पडतात.

आता समजा, मूळ टायरवर तुमचा काटा खऱ्या १०० ला १०४ दाखवत होता. मोठे टायर घातल्यावर तोच काटा दाखवेल ९८. जीपीएसवाला सल्ला ऐकून तुम्ही दोन टक्क्यांची दुरुस्ती केलीत. काटा शंभरावर आला, तुम्ही खूश. पण किलोमीटर ५.८ टक्के मागे होते, ते अजून चार टक्के मागेच आहेत! म्हणून दुरुस्ती टायरच्या गुणोत्तराने करायची: मूळ आकड्याच्या १०५.८ टक्के. मग किलोमीटर जागेवर येतात आणि काटा पुन्हा १०४, म्हणजे कंपनीने ठेवला होता तिथे. खऱ्या वेगापेक्षा चार जास्त दिसतात म्हणून अस्वस्थ होऊ नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरा तुमचा काटा बघत नाही.

सूत्राचा आकडा जवळपासचाच असतो. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर थोडे लहानमोठे निघतात, शिवाय वजनाखाली टायर दबतो. सगळ्यात भरवशाचं काम खडू आणि टेपने होतं. हवा नेमकी भरा, टायर थंड असताना. चालक आत बसलेला हवा. टायरवर आणि जमिनीवर एक खूण करा, गाडी सरळ रेषेत पाच फेरे ढकला, अंतर मोजा आणि पाचाने भागा. जिम्नीच्या मूळ टायरचा सूत्राने २ मीटर १८ सेंटिमीटर घेर येतो, टेपवर त्याहून कमी भरेल. घाबरू नका, नवाही तसाच कमी भरतो, आपल्याला भागाकार हवाय. हे माप जुने टायर उतरवायच्या आधी घ्यायचं, हे टायरवाल्याकडे जाण्यापूर्वीच लक्षात ठेवा. त्याच जुन्या टायरवर हायवेच्या किलोमीटरच्या पाट्या बघत वीसेक किलोमीटर मीटरही तपासून घ्या, म्हणजे मुळात ते किती खरं होतं ते कळेल.

आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती लागतेच असं नाही. जिम्नीला २१५/७५ आर १५ घातला तर फरक दीड टक्का. नवा टायर झिजून संपेपर्यंत त्याची उंची सव्वा सेंटिमीटरच्या आसपास कमी होते, तो फरकही तेवढाच. मी तरी दोन टक्क्यांच्या आत असेल तर पैसे घालवणार नाही.

दुरुस्ती कुठे होते? काही गाड्यांत टायरचा घेर किंवा माप स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने, आत बदलता येतं. फोर्डच्या आणि स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत ही सोय आहे. तुमच्या गाडीत आहे का, हे टायरचे पैसे देण्याआधी विचारा. जिथे नाही तिथे मीटरकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेत छोटी डबी बसवतात. तिथे एकच अट: डबी मीटरच्या आधी बसली पाहिजे. एबीएस सेन्सरच्या तारा कापून मध्ये काही जोडू म्हणणारा भेटला तर गाडी घेऊन निघा. त्या तारांवर तुमचे ब्रेक आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा चालते. आणि चारही टायर एका मापाचे, फोर बाय फोरला तर नक्कीच.

मारुतीच्या जुन्या जिप्सीवाल्यांनो, तुमचं प्रकरण सोपं आहे. तिथे मीटर केबल आहे, केबलला फिरवणारं प्लॅस्टिकचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, आहे. टायर मोठा म्हणजे केबल जोरात फिरायला हवी, म्हणजे पिनियनचे दात कमी हवेत. २० च्या जागी १९ दात बसवले की केबल सव्वापाच टक्के जोरात फिरते. अडचण एवढीच की दात पूर्ण आकड्यातच बदलतात, आणि हव्या त्या दातांचं पिनियन बाजारात मिळायला हवं.

शेवटचं काम कागदाचं. दुरुस्तीच्या दिवशी मीटरवर किती किलोमीटर होते, जुनं माप, नवं माप आणि किती टक्के बदल केला, एवढं बिलावर लिहून घ्या. आधी पडलेल्या किलोमीटरला हात लावू देऊ नका. उद्या गाडी घेणाऱ्याने मीटर मागे फिरवलंय का असं विचारलं, तर तोच कागद त्याच्यासमोर ठेवायचा.