तंबोरा विमानाने नेताना

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी स्थायिक होणारे किंवा कार्यक्रमासाठी बाहेर निघालेले माझे शिष्य निरोप घ्यायला येतात, तेव्हा बोलण्याच्या ओघात एक प्रश्न हमखास निघतो. मिरजेहून हौसेने करून घेतलेला तंबोरा विमानातून न्यायचा कसा? आजचे भाषण या एकाच प्रश्नाविषयी आहे, आणि जे तंबोऱ्याला लागू आहे ते थोड्याफार फरकाने सतारीला आणि रुद्रवीणेलाही लागू आहे.

आपल्याकडच्या देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे ७ किलोपर्यंतची एक बॅग सोबत ठेवता येते, आणि तिचे माप ५५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद व २५ जाड किंवा त्याच्या आसपास धरले जाते. पुरुषी आवाजाचा तंबोरा पाच फुटांच्या घरात, म्हणजे जवळपास १५० सेंटिमीटर लांब असतो. बायकी तंबोरा त्याहून लहान असला तरी या मापाच्या दुपटीहून मोठाच भरतो. लांब वस्तू एक वेळ वरच्या कप्प्यात आडवी सरकवता येते, पण पन्नास इंच घेराचा भोपळा त्या कप्प्याच्या उंचीत मावत नाही. त्यातही मिरजेला जवळ पडणाऱ्या कोल्हापूर विमानतळावर एटीआरसारखी छोटी विमाने येतात आणि त्यांचे कप्पे आणखी लहान असतात.

मग सामानकक्षात द्यायला काय हरकत आहे, असे पुष्कळांना वाटते. हरकत तंबोऱ्याच्या घडणीतच आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात पिकणारा कडू भोपळा वाळवून, कोरून, त्याच्यावर तबली, म्हणजे लाकडाची पातळ फळी, बसवलेली असते. दांडी तुणीच्या लाकडाची आणि आतून पोकळ असते. आणि हे दोन भाग ज्या ठिकाणी जोडले जातात तो गळा हा साऱ्या वाद्याचा सर्वांत नाजूक भाग असतो. चार तारांचा ताण चोवीस तास या गळ्यावर असतो. पेटी आडवी आपटली की तो ताण आणि धक्का एकाच जागी एकत्र येतात.

काही वर्षांपूर्वी एका दौऱ्यात माझा स्वतःचा तंबोरा असाच सामानातून आला. पेटीवर बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. झाकण उचलले तेव्हा चारही तारा तबलीवर लोळत होत्या आणि गळ्यापाशी, पॉलिशच्या गडद तपकिरी रंगात, केसाएवढी पांढरी रेघ दिसत होती. दांडीला बोट लावले तशी ती रेघ उघडली. परत आल्यावर मिरजेच्या कारागिरांनी पेटी पाहिली आणि माझी चूक तत्काळ दाखवली: मी भोपळ्याभोवती भरपूर फोम भरला होता, पण दांडीखाली काहीच नव्हते, त्यामुळे दांडी अधांतरी राहिली होती, आणि तारा पूर्ण सुरात होत्या. वाद्य जुळून आले, परंतु त्याचा पूर्वीचा गुंजारव मला पुन्हा ऐकू आला नाही. सतारवादक शुभेंद्र राव यांची सतार २०१८ साली दिल्लीहून न्यूयॉर्कला जाताना मोडली तेव्हा त्यांनी ती हकीकत जाहीरपणे मांडली होती. ती वाचताना मला ती पांढरी रेघच आठवत होती.

म्हणून माझे सांगणे असे आहे की तंबोऱ्याचा निर्णय विमानाच्या दारात घ्यायचा नसतो, तो तिकीट काढतानाच घ्यावा लागतो. अनेक विमान कंपन्यांमध्ये वाद्यासाठी स्वतंत्र आसन विकत घेता येते. विमान कंपन्यांच्या भाषेत त्याला सीबीबीजी, म्हणजे आसनावरचे केबिन सामान असे म्हणतात, आणि आरक्षण करणाऱ्याला हा शब्द सांगितला की पुष्कळदा गोष्ट लवकर समजते. संकेतस्थळावर हा पर्याय सहसा दिसत नाही. त्यासाठी दूरध्वनी करावा लागतो, पेटीची मापे द्यावी लागतात, आणि मंजुरी लेखी मागून घ्यावी लागते. ही मंजुरी छापून जवळ ठेवावी, कारण आरक्षण कक्षातल्या माणसाने दिलेला शब्द विमानाच्या दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यापर्यंत पोचलेला असेलच असे नाही. वाद्याला बहुधा खिडकीजवळचे आसन मिळते, आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत ते ठेवू देत नाहीत, पट्ट्याने ते घट्ट बांधावे लागते, आणि त्याच्यामुळे कोणा प्रवाशाची वाट अडता कामा नये किंवा सूचनांचे दिवे झाकले जाता कामा नयेत. पुरुषी तंबोरा तिरका ठेवूनही हे जमत नसेल, तर ते आधी कळलेले बरे.

अमेरिकेत याविषयी कायदाच आहे. तिथल्या संसदेने २०१२ साली तरतूद केली आणि तिचे नियम २०१५च्या मार्चपासून लागू झाले. लहान वाद्य चढतेवेळी कप्प्यात जागा असेल तर ते आत घेतलेच पाहिजे, मोठ्या वाद्यासाठी प्रवाशाने आसन घेतले आणि वाद्य १६५ पौंडांच्या आत असून सुरक्षितपणे बांधता येत असेल तर तेही नेऊ दिले पाहिजे, असे ते नियम सांगतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या वाद्याला आपण असा मान देतो, ते विमानात कसे न्यावे याचा एक स्पष्ट आणि सर्व कंपन्यांना सारखा लागू होणारा नियम आपल्या देशातही असायला हवा. आज हे बरेचसे समोरच्या कर्मचाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहते आणि कलाकाराला विमानतळावर विनवण्या कराव्या लागतात, हे मला अतिशय खटकते.

सुरक्षा तपासणीसाठी वेळ हाताशी ठेवावा. हातसामानाच्या क्ष-किरण यंत्राचे तोंड पुष्कळ ठिकाणी ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच असते. पन्नास इंच घेराच्या भोपळ्याचा व्यासच ४० सेंटिमीटर होतो, मग पेटीसकट तो आत जाणार कसा? अशा वेळी जवानांकडे हाताने तपासणी करण्याची विनंती करावी, पेटी आपण स्वतः उघडावी आणि वाद्य कुठे धरायचे ते नम्रपणे दाखवावे. पक्कड, कानस आणि सुट्या तारा मोठ्या सामानात टाकाव्यात. जुन्या वाद्याच्या घोडीला, म्हणजे तबलीवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, किंवा नक्षीला हस्तिदंत असेल, तर सीमाशुल्क खात्यात मोठी अडचण उभी राहू शकते. तसले वाद्य परवान्यावाचून देशाबाहेर नेऊ नये.



नाइलाजाने सामानकक्षात द्यावाच लागला, तर फायबरची कडक पेटी वापरावी, दांडीखाली सलग गादी घालावी आणि तारा तीन-चार सुरांनी उतरवाव्यात. त्या अगदी ढिल्या मात्र करू नयेत, कारण घोडी तारांच्या दाबानेच जागेवर राहते. सामान घेताना कर्मचारी नाजूक वस्तूची चिठ्ठी पुढे करतात. तिच्यावर सही करण्याआधी ती वाचावी, कारण मोडतोडीची जबाबदारी तिने आपल्यावर येऊ शकते. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची मर्यादा २० हजार रुपये आहे; आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार ती डिसेंबर २०२४पासून १,५१९ विशेष आहरण हक्क (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक), म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास आहे. वाद्याची किंमत त्याहून जास्त असेल तर सामान देतानाच तसे जाहीर करून जादा शुल्क भरता येते. मोडलेले वाद्य घेऊन विमानतळाबाहेर पडू नये. तिथेच लेखी तक्रार नोंदवावी आणि छायाचित्रे काढावीत.

मुक्कामी पोचल्यावर पेटी लगेच उघडण्याची घाई करू नये. विमानातली हवा फार कोरडी असते आणि सामानकक्ष थंड. लाकडाला खोलीच्या हवेची सवय होऊ द्यावी. काही तासांनी पेटी उघडून आधी गळ्यावरून हलकेच बोट फिरवावे, मग घोडी सरळ आहे ना ते पाहावे, आणि त्यानंतर एकेक तार थोडीथोडी चढवत जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, आणि खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, लावावेत. पंचमाची पहिली तार शेवटी.